मारुस्याची निळी बादली

खरं सांगायचं तर हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. एक तर काँक्रीटवरची गोष्ट वाचणार कोण? आणि दुसरं म्हणजे ही लेव्कोची गोष्ट, आणि गेल्या मार्चमध्ये म्हातारा झेनन गेला त्या रात्री मला सांगताना त्यानं आधी दार लावून घेतलं होतं. पण झेननला माती देऊन परत येताना गाडीत लेव्कोच म्हणाला, आता लिहिलंस तरी चालेल. म्हणून लिहितोय.

लेव्को तेव्हा एकोणतीसचा. आजे-पणजे युक्रेनहून येऊन वसलेल्या आमच्या गावातल्या धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसायचा. दार्काशी लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिन्ही वर्षं घराच्या मागच्या दाराबाहेर चिखल होता. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की इथली काळी चिकणमाती बुटाला अशी धरते की पाय बाहेर येतो आणि बूट तिथंच राहतो. दार्काचा एक बूट असाच दोन दिवस उभा होता. तिसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, "यंदा बर्फ पडायच्या आत इथं कोबा झाला पाहिजे. नाहीतर मी पुढच्या दारानं येईन-जाईन, आणि तू खिडकीतून."

बारा फूट बाय सोळा फूट. लेव्कोनं सगळा हिशोब कागदावर मांडला. तो हे कुठं शिकला नव्हता. व्हिडिओ बघितले होते आणि लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक तीन वेळा मुदत वाढवून वाचून काढलं होतं. किती खणायचं, खडी किती, घराच्या भिंतीला काँक्रीट चिकटू नये म्हणून मध्ये मऊ पट्टी कशी घालायची, पाणी भिंतीपासून लांब जावं म्हणून फुटामागे पाव इंच उतार कसा द्यायचा. सगळं पाठ होतं. पण हात नव्हता. काँक्रीट एकदा ट्रकच्या पन्हळीतून खाली आलं की ते तुमचा कागद बघायला थांबत नाही.

गावात असा हात एकाच माणसाचा होता, आणि त्याला चार वर्षं कुणी बोलावलं नव्हतं.

झेनन चौऱ्याहत्तरचा होता. अर्ध्या गावाची तळघरं त्यानं घोटलेली. सगळं गाव त्याला वुइको म्हणायचं. वुइको म्हणजे मामा, पण तो कुणाचाच सख्खा मामा नव्हता. २०१६ च्या शरद ऋतूत त्यानं युक्रेनियन हॉलच्या दारापुढचा मोठा कोबा केला. गावातली लग्नं, मयतीची जेवणं, दर शुक्रवारची पेरोहीची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, विक्री, सगळं त्या हॉलमध्ये. म्हणजे गावातला प्रत्येक माणूस त्या कोब्यावरून चालणार. आणि पुढच्या एप्रिलमध्ये बर्फ गेलं तर खालचा कोबा सोललेला. वरचा पापुद्रा निघून आतली खडी उघडी पडली होती, उन्हात भाजलेल्या नाकासारखी.

लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं पाणी जास्त घातलं. हातात जोर राहिला नाही, मग पातळ करून ढकललं. झेनन काहीच बोलला नाही. त्याच वर्षी पानगळीत त्याची बायको मारुस्या गेली. त्यानंतर लोकांनी त्याच्यासमोर तो विषय काढायचं सोडलं, पण कामही दिलं नाही.

हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष होता नेस्तोर, दार्काचा बाप. लेव्को त्याला तातो, म्हणजे बाबा, म्हणायचा, सासऱ्याला म्हणतात तसं.

"वुइको झेननला विचारणार आहे," लेव्कोनं दार्काला सांगितलं.

"तातो तुला कच्चा खातील."

"खाऊ दे. तुझ्या आईच्या हातचं रोज खातात, माझं काय जड जाणार आहे?"

दार्कानं हातातला ओला टॉवेल त्याच्यावर फेकला. पण नको म्हणाली नाही.

झेनन दारातच बसला होता, सूर्यफुलाच्या बिया फोडत. खिशात कायम मूठभर असायच्या. टरफलं पायाशी पडलेली. लेव्कोनं कागद पुढे केला. झेनननं तो लांब धरून वाचला.

"हे कुणी काढलं?"

"मीच."

"ऑक्टोबरमध्ये ओतणार? रात्री गोठायला लागलंय."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो, वुइको."

"तुझ्या सासऱ्याला माहीत आहे?"

"अजून नाही."

"छान. म्हणजे एकाच्या जागी दोघं शिव्या खाणार." त्यानं कागद घडी करून परत दिला. लेव्कोला वाटलं, संपलं. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "पैसे नकोत मला. या वयात काम तरी कुणाला हवंय. मला एकच हवंय. गावातली माणसं एका कोब्यावर उभी राहावीत, आणि उभी राहिल्यावर आधी खाली आणि मग माझ्याकडे बघू नयेत. तेवढं झालं की मी मरायला मोकळा."

"मरू नका. आधी खणायचंय."

"खणायचं तू. मी बसणार."

आणि खरंच तसं झालं. दोन शनिवार-रविवार लेव्को खणत होता आणि झेनन उलट्या घातलेल्या डब्यावर बसून सांगत होता. "आणखी खण." लेव्को खणायचा. "आणखी." "वुइको, पलीकडून चीन निघेल." "निघू दे, त्यांना चांगलं काँक्रीट येतं." सोळा इंच चिकणमाती काढली. इथली ही माती पाणी धरते, पाणी गोठलं की फुगते, आणि अख्खा कोबा वर उचलून धरते. खाली खडी घालून यंत्रानं धुमसली. खडीवर दोन इंची निळ्या फोमच्या पाट्या, जमिनीतली थंडी वर येऊ नये म्हणून. चारी बाजूंनी फळ्या, वर सळ्यांची जाळी. झेनन प्रत्येक फळीवर पाणसळ ठेवून बघायचा आणि काहीच बोलायचा नाही. तो बोलला नाही म्हणजे बरोबर, हे लेव्कोला दुसऱ्या दिवशी कळलं.

बोलणं मात्र चालू असायचं. हॉकीबद्दल, लेव्कोच्या गेलेल्या बापाबद्दल, मुळ्याचं लोणचं का बिघडतं त्याबद्दल. दोघांच्या वयात पंचेचाळीस वर्षांचं अंतर. दार्का म्हणायची, तुम्हा दोघांचं जुळलंय, आता लग्नच लावून देते.

ओतायच्या आदल्या गुरुवारी झेनन म्हणाला, "रात्री पांघरायला गोधड्या लागतील. कोब्याच्या, तुझ्या नव्हे. माझ्या चार आहेत, हॉलच्या मागच्या खोपटात पडल्यात. तेव्हापासून आणल्याच नाहीत."

लेव्को नेस्तोरकडून किल्ली घेऊन गेला. खोपटात वास येत होता जुन्या कॅनव्हासचा आणि बडीशेपेचा. गोधड्या मागच्या भिंतीशी होत्या. त्या ओढल्या तर मागे एक निळी बादली निघाली, झाकण लावलेली. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं.

ते अक्षर गावात सगळ्यांना माहीत होतं. हॉलच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर ते असायचं. बीट, २०१४. काकडी, २०१५. मारुस्या वीस वर्षं तिथल्या बायकांची म्होरकी होती आणि वर्ष घातल्याशिवाय ती कशावरही पट्टी लावायची नाही. बरणी असो नाहीतर बादली, सवय ती सवय.

झाकणावर लिहिलं होतं: "दारापुढे टाकायचं मीठ. दर रविवारी आणि सणाला. भरपूर. २०१६."

लेव्कोनं झाकण उघडलं. तळाशी ओंजळभर खडे मीठ उरलं होतं.

तो तिथंच गोधडीवर बसला. पुस्तकातलं ते पान त्याला दिसत होतं, कुठल्या बाजूला, कितव्या ओळीला. नवं काँक्रीट पहिल्या हिवाळ्यात कच्चं असतं. त्यावर मीठ टाकलं की बर्फ वितळतं, ते पाणी आत मुरतं, रात्री परत गोठतं, परत वितळतं, आणि वरचा थर सुटून येतो. पापुद्र्यासारखा. उन्हात भाजलेल्या नाकासारखा.

म्हाताऱ्यानं पाणी जास्त घातलंच नव्हतं.

त्यानं बादली गाडीत मागे ठेवली. नेस्तोरच्या नाकापुढे धरायची, एवढंच डोक्यात होतं. सगळ्या गावापुढे धरायची. झेननला आधी सांगायचं नाही, चकित करायचं.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं, पण खड्ड्यावर दोन रात्री गोधड्या घालून ठेवल्यानं खाली ओल होती, बर्फ नव्हतं. दुपारपर्यंत पारा आठवर जाईल असं सांगितलं होतं. नऊ वाजता ट्रक आला. चालवणारा गार्नेट, जाडा, गप्पिष्ट. आणि त्याच्या मागोमाग, कुणी न बोलावता, नेस्तोर. हातात कॉफीचा कागदी पेला.

"काय मास्टर!" नेस्तोर लांबूनच ओरडला. "पापड लाटायला आलात?"

"तू खायला आलास ना, मग लाटायला नको?" झेनन म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

गार्नेटनं पन्हळ खाली घेतली. पहिला लोट पडला, जाड, हळू, लापशीसारखा. गार्नेट म्हणाला, "घट्ट वाटतंय हो. थोडं पाणी सोडू? तुम्हालाच ढकलायला सोपं."

कुणी काही बोलण्याआधी नेस्तोर म्हणाला, "सोड की. हॉलला खळखळून सोडलं होतं, इथं का कंजुषी?"

लेव्को फावडं धरून उभा राहिला. झेनननं बुटाची टाच त्या लोटात रोवली, काढली, टाचेच्या खळग्याकडे बघितलं.

"थेंब नको," तो गार्नेटला म्हणाला. "असंच येऊ दे. आणि पाण्याच्या नळाला हात लावलास तर ट्रकसकट परत पाठवीन."

"बरं बाबा, बरं."

अर्धा तास कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लेव्को आणि गार्नेट ओढत होते, झेनन काँक्रीट सपाट करायच्या लाकडी पट्टीच्या एका टोकाला, लेव्को दुसऱ्या टोकाला, करवतीसारखं पुढे-मागे करत मागे सरकत. म्हातारा धापा टाकत होता पण लय सोडत नव्हता. "तुझी बाजू पळतेय." "तुमची झोपलीय, वुइको." "माझी चौऱ्याहत्तरची आहे, तिला झोपायचा हक्क आहे." मग लांब दांड्याचा रंधा. एकदा आडवा, एकदा उभा. पुरे.

नेस्तोर कुंपणाला टेकून सगळं बघत होता. "बरं दिसतंय," तो म्हणाला. "हॉलचं पण ओतलं त्या दिवशी बरंच दिसत होतं."

लेव्को गाडीकडे निघाला. मागचं फडकं बाजूला केलं, बादलीच्या कडीत हात घातला.

"लेव्को."

झेनन गुडघ्यावर बसला होता, कोपऱ्यातली फळीची कड थापीनं गोल करत. त्यानं गाडीकडे बघितलं. बादलीकडे बघितलं. चेहरा काही बदलला नाही, फक्त थापी थांबली.

"छोटा रंधा दे इकडे," तो म्हणाला. "तिकडे काही नाहीये आपल्या कामाचं."

लेव्को उभाच. "वुइको..."

"छोटा रंधा."

त्यानं बादली सोडली. रंधा नेऊन दिला. नेस्तोरला हॉलवर संध्याकाळच्या लग्नाची टेबलं लावायची होती, तो गेला. गार्नेट पन्हळ धुऊन गेला.

मग वाट बघायची होती. ताज्या काँक्रीटवर पाणी वर येतं, चकाकतं. ते उडून जाईपर्यंत हात लावायचा नाही. उन्हाळ्यात तासात जातं. थंडीत चार तास, पाच तास. घाईच्या माणसाचा कोबा इथंच बिघडतो. झेनननं डबा उलटा घातला, खिशातून बिया काढल्या, अर्ध्या लेव्कोच्या हातात ठेवल्या.

दोघं बिया फोडत बसले.

"कुठं सापडली?" झेनननं विचारलं.

"गोधड्यांच्या मागे. वुइको, तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच जानेवारीत. आपल्या जुन्या पंचांगाचा नाताळ सात जानेवारीला, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉलवर गेलो. ती दारात उभी होती, बादली कमरेवर, कोंबड्यांना दाणे टाकतात तसं मीठ टाकत होती. म्हाताऱ्या बायका जेवायला येणार, कुणी घसरू नये म्हणून." त्यानं टरफल थुंकलं. "मी कमिटीतल्या सगळ्या पुरुषांना सांगितलं होतं, या हिवाळ्यात मीठ नाही, फक्त वाळू. नेस्तोरला सांगितलं. फादरना सांगितलं. घरी सांगितलं नाही. चाळीस वर्षं काँक्रीटवाल्याशी संसार केलेली बाई, मला वाटलं, तिला माहीतच असणार."

"मग तेव्हा तरी तिला सांगायचं."

"नोव्हेंबरपासून टाकत होती. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि ती इतकी खूश होती रे. म्हणाली, बघ झेनन, एकही म्हातारी घसरली नाही."

घराच्या सावलीनं कोब्याची एक कड झाकली होती. पाणी अजून चकाकत होतं.

"पण तातो आणि सगळं गाव तुम्हाला..."

"थांब, पुढचं ऐक. एप्रिलमध्ये सोललं. लोक बोलायला लागले. तेव्हा शुक्रवारी पेरोही वळताना बायका काहीतरी म्हणाल्या माझ्याबद्दल. मारुस्या लाटणं घेऊन उठली. माझ्या नवऱ्याचं वय झालं असेल, पण तुमच्या तळघरातला कोबा त्यानंच केलाय, आणि तुमचे नवरे त्यावर पिऊन पडतात तेव्हा तो फुटत नाही! असं म्हणाली. नेस्तोरच्या बायकोशी दोन महिने बोलली नाही. माझ्यासाठी भांडली, समजलं? तिला खरंच वाटत होतं की माझं चुकलं, आणि तरी भांडली. घरी आली की माझे हात चोळून द्यायची. म्हणायची, झालं तर झालं, आता तू दमलास." तो थोडा हसला. "चाळीस वर्षांत मी तिच्यासाठी काय केलं असेल नसेल. पण ते सहा महिने माझ्याकडे आहेत. आता मी ती बादली नेस्तोरला दाखवू? म्हणजे ती मूर्ख ठरणार, आणि मी शहाणा."

"ती आता नाहीये, वुइको."

"बरण्या आहेत ना. अजून तिच्या बरण्यांवरच्या पट्ट्या बघून बायका मसाला घालतात. उद्या तीच पट्टी बघून हसतील."

लेव्कोनं मुठीतली टरफलं खाली टाकली. त्याला बरोबर वाटत नव्हतं. आजही वाटत नाही, असं तो म्हणतो.

अडीच वाजता झेनननं अंगठा दाबून बघितला. "चल."

लेव्कोला वाटत होतं आता म्हातारा पोलादी थापी काढेल आणि तळघरासारखं आरशागत घोटेल. झेनननं थापी पेटीतच ठेवली आणि रुंद खराटा काढला. "बाहेरचं घोटायचं नाही. घोटलं की पाणी आत कोंडतं, वर पाय घसरतो. बाहेरचा कोबा देखणा नसतो. टिकतो." एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो खराटा एका श्वासात ओढत गेला. हात कापत होते. रेघा सरळ होत्या. तडा गेलाच तर तिथंच जावा म्हणून मध्ये ज्या खोल रेघा पाडतात, त्यांचं काम त्यानं लेव्कोला दिलं, आणि लेव्कोची दुसरी रेघ वाकडी गेली तेव्हा म्हणाला, "असू दे. दार्काला दाखव, म्हणजे कळेल तू पण काहीतरी केलंस."

पाच वाजता नेस्तोर परत आला. हातात पातेलं, लेव्कोच्या सासूनं पाठवलेले कोबीच्या पानातले होलुब्त्सी. पातेलं दारात ठेवून तो कोब्याभोवती एक चक्कर मारून आला.

"खराट्यानं झाडलंय?" तो म्हणाला. मग वाकला, कडेला बोट लावून बघितलं. "हं. आता हिवाळा बघू."

"बघा," झेनन म्हणाला.

"हॉलचा कोबा वसंतात शहरातली माणसं येऊन फोडणार. मीटिंगमध्ये ठरलं." हे तो झेननकडे न बघता बोलला. मग लेव्कोकडे वळला. "काय रे, तू एवढी पुस्तकं वाचतोस. तुझं काय म्हणणं? हॉलचं काय चुकलं होतं?"

गाडी दहा पावलांवर होती. फडक्याखालून बादलीची कडी दिसत होती.

झेनन बिया शोधत खिसा चाचपत होता. खिसा रिकामा होता, तरी चाचपत होता.

"मला काय माहीत, तातो," लेव्को म्हणाला. "मी तेव्हा हॉलवर नव्हतो."

नेस्तोर गेला. दोघांनी गोधड्या ओढून कोब्यावर पसरल्या, कडांवर विटा ठेवल्या. सात दिवस तशाच राहणार होत्या. झेनननं निळी बादली गाडीतून स्वतः काढली, उरलेलं मीठ गल्लीच्या पलीकडे गटारात ओतलं, आणि लेव्कोच्या वाळूच्या ढिगातून ती काठोकाठ भरली. पट्टी तशीच राहू दिली. बादली मागच्या दाराशी ठेवली, पट्टी भिंतीकडे करून.

"या हिवाळ्यात इथं मीठ पडणार नाही," तो म्हणाला.

"नाही पडणार."

"दार्काला सांगितलंस?"

"तिला माहीत असेल की."

झेनननं मागच्या दाराकडे बोट केलं.

लेव्को आत गेला. स्वयंपाकघरातून आवाज आले. दार्का म्हणत होती, कळलं, कळलं, वाळू, मी काय बहिरी आहे का. तो बाहेर आला तेव्हा म्हातारा डब्यावर बसला होता, हात मांडीखाली घेऊन ऊब देत.

"सांगितलं."

"आता दुसरं. मला वुइको म्हणतोस, पण मी तुझा मामा नाही. दोस्त म्हणून विचारतोय, दोस्त म्हणूनच सांग. ते मिठाचं तोंडातून जायचं नाही. सासऱ्यापुढे नाही, बायकोपुढे नाही. मी असेपर्यंत."

"लोक तुम्हालाच बोलत राहतील."

"मला सवय आहे. सांग."

लेव्कोनं गोधडीची एक कड उगाचच नीट केली.

"तुम्ही असेपर्यंत नाही, झेनन," तो म्हणाला. "शब्द देतो."